परतीचं कारण

१

दुपारी दोनच्या सुमाराला मी मुलीला बाबागाडीत घालून वॉशिंग मशीन बघायला जायचे. घ्यायला नव्हे, बघायला. कागदावर उतरल्यावर हे जरा विचित्र दिसतंय खरं, पण लोक बागेत जातात तशी मी आउटलेटमध्ये जायचे, इतकंच.

त्याला कारण होती टिंब. सोनोग्राफीच्या पडद्यावर ती पहिल्यांदा दिसली तेव्हा तिचा बाबा म्हणाला होता, एवढंसं टिंब आहे गं. सात महिन्यांत त्या टिंबाचा चांगला परिच्छेद झाला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. ही बया झोपायची ती फक्त वॉशिंग मशीनच्या घरघरीवर. अंगाई, मांडी, खांदा, सगळे उपाय थकले, आणि एक दिवस मी कपडे लावले तशी पाच मिनिटांत हिचे डोळे मिटले. मग काय, मी धुतलेले कपडेही पुन्हा धुवायला लागले. दोन महिन्यांत आमच्या जुन्या मशीनने मान टाकली. पिळायची वेळ आली की ते बाथरूमभर चालत सुटायचं आणि दाराशी येऊन बंद पडायचं, जणू मला एकदाचं बाहेर जाऊ द्या म्हणतंय. मला त्याचं मन कळायचं.

आउटलेट घरापासून वीस मिनिटांवर, मोठ्या रस्त्याच्या टोकाला होतं. पूर्वी कसलं तरी गोदाम असावं. उंच पत्र्याचं छप्पर, त्यात धुरकट काचेच्या पट्ट्या, आणि खाली रांगाच रांगा. आधी फ्रिज, मग ओव्हन, मग एकावर एक रचलेले ड्रायर, आणि सगळ्यांत मागे, भिंतीच्या कडेला, वॉशिंग मशीन. ओरखडा पडलेला, शोरूममध्ये मांडून जुना झालेला, गिऱ्हाइकाने परत केलेला असा माल तिथे सवलतीत मिळायचा. दोन-चार मशीनं दाखवण्यासाठी कायम चालू असत. त्या घरघरीत टिंब अशी गाढ झोपायची की मला वाकून तिच्या नाकाशी बोट धरून बघावं लागे. दर पाच मिनिटांनी. बरं, दर तीन.

दुकानात एक टायवाले होते. पन्नाशीचे, पोट पुढे, आणि त्या पोटावर कायम एका बाजूला वळलेला टाय. आपण फुकट फिरतोय असं त्यांना वाटू नये म्हणून मी रोज एक प्रश्न विचारायचे. भाडंच म्हणा ते. सात किलोत जाड पांघरूण मावतं का? गार पाण्यात दुधाचे डाग जातात का? तेही रोज नव्या उत्साहाने "असं बघा ताई," म्हणून सुरू करायचे. मी घेणार नाही हे त्यांना माहीत होतं आणि त्यांना माहीत आहे हे मला. दिवसभरात मोठ्या माणसाशी माझं बोलणं व्हायचं ते एवढंच.

कारण टिंबचा बाबा पुलांच्या कामावर होता. तीन आठवडे साइटवर, चार दिवस घरी. फोन रोज यायचा, पण मागे सतत काही तरी ठोकल्याचा आवाज. आणि सासूबाई दुसऱ्या गावी. त्या दर आठवड्याला न चुकता म्हणायच्या, "तुला झेपत नसेल तर दोन महिने पाठव तिला माझ्याकडे. मी तीन वाढवलीत, मला काय जड आहे?" हे त्या चांगल्या मनाने म्हणत. भीती त्याचीच होती. वाईट माणसाला नाही म्हणता येतं.

म्हणून मी कुणालाच काही सांगत नसे. झोप होते का? होते. खातेस का? खाते. सगळं कसं चाललंय? छान चाललंय, आई.

२

त्या आउटलेटची एक रीत होती. परत आलेल्या प्रत्येक वस्तूवर पिवळं कार्ड लावायचं. वर "परतीचं कारण" असं छापलेलं, आणि खाली परत करणाऱ्याने स्वतःच्या हाताने कारण लिहून सही करायची. ते कुणी खोडायचं नाही की सुधारायचं नाही, जसंच्या तसं पुढच्या गिऱ्हाइकासमोर ठेवायचं. फसवलं असं कुणी म्हणायला नको, असा मालकांचा हट्ट होता म्हणे.

मी ती कार्डं वाचायचे. टिंब व्हायच्या आधी मी तपासणीच्या लॅबमध्ये होते. रक्ताच्या, लघवीच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, वेळ घालायची, रजिस्टरला नोंद करायची. दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या वाचायची खोड तिथलीच. एका फ्रिजवर लिहिलं होतं, "दारातून आत जात नाही. दार काढायला नवरा तयार नाही." एका ओव्हनवर, "सासूबाईंना रंग पसंत नाही," आणि त्याखाली दुसऱ्या अक्षरात, "असं मी म्हटलं नव्हतं." एका पंख्याच्या मालकाचं म्हणणं होतं की तो इतका शांत आहे की चालू आहे की नाही ते उठून बघावं लागतं. त्या माणसाशी माझं पटलं असतं.

मागच्या रांगेत, अगदी कोपऱ्यात, गोल काचेच्या दाराचं एक पांढरं मशीन होतं. धड, कुठे ओरखडा नाही. त्याच्या कार्डावर एकच ओळ होती.

"आता एवढे कपडे निघत नाहीत."

मला ती ओळ फार आवडली. मुलं मोठी होऊन गेली असतील, दोघंच उरली असतील, दोघांचे कपडे बादलीत होतात. किती साधं आणि किती दमलेलं. अक्षर बारीक, सुटं, एका रेषेत. माझंही तसंच आहे. आमच्या लॅबमध्ये सगळ्यांचंच तसं होऊन जायचं, अर्ध्या इंचाच्या चिठ्ठीत माणसाचं नाव बसवून बसवून. म्हटलं, आपल्यातलीच कोणी दिसते. सही आणि तारीख मात्र दिसत नव्हती, त्यांच्यावर सवलतीचा लाल कागद चिकटवला होता.

मी सहज त्या मशीनवर हात ठेवला. पत्रा कोमट होता.

वायर मागे गुंडाळून चिकटपट्टीने बांधलेली. नळी नाही, पाणी नाही. आणि वरचा पत्रा, नुकतंच कुणी धुणं काढून नेल्यासारखा कोमट. मी वर बघितलं. छपरातल्या काचेतून येणारा उजेड दोन रांगा पलीकडे पडत होता. दार उघडून दारामागच्या रबरावर बोट फिरवलं. ओलं.

त्या दिवशीचं भाडं मी तेच दिलं. टायवाले म्हणाले, असं बघा ताई, परत आलेला माल आम्ही तपासून मगच ठेवतो. म्हणजे पाणी लावून चालवत असणार. झालं. माझ्या तर्काला एवढा तुकडा पुरला.

टिंब मात्र जागी झाली होती. त्या गोल काचेकडे बघून ती हसली. तिचं हसणं विचित्र आहे, शेवटाला एक उचकी लागते, जणू हसताना काही तरी गिळलं. काचेत आम्ही दोघी दिसत होतो, लांबट, वाकड्या. त्यालाच हसली असेल.

३

आमच्या बाबागाडीचं पुढचं डावं चाक कुरकुरायचं. दोन आखूड, एक लांब. तेल घालायचं रोज ठरवायचे आणि रोज विसरायचे. त्या दिवसांत मी काय काय विसरायचे याची यादी केली असती, पण ती कुठे ठेवली ते विसरले असते.

एका दुपारी मी ओव्हनांपाशी उभी होते. गाडी थांबलेली. आणि मागच्या बाजूने, ड्रायरच्या भिंतीपलीकडून, तोच आवाज आला. दोन आखूड, एक लांब.

पहिल्यांदा मला काय झालं असेल तर आनंद. इतका की लाज वाटावी. अजून एक कुणी तरी आहे. तिच्याही घरी जागरण आहे, तिचंही बाळ घरघरीवर झोपतं, तीही दुपारी इथे येते आणि टायवाल्यांना भाडं देते. मी मनातल्या मनात तिच्याशी बोलायलासुद्धा लागले. तुमचं दात काढतंय का? आमची काल रात्रभर बोट चावत होती. मग आम्ही बाहेरच्या बाकावर बसू. मग ती कधी तरी म्हणेल, मलाही वाटतं हो, दर तीन मिनिटांनी बघावं असं.

मी गाडी ढकलत मागच्या रांगेत गेले. कुणी नव्हतं. माझं चाक थांबलं तसा आवाज पुढच्या रांगेत, जिथे मी आत्ता होते तिथे, हळूहळू जाऊ लागला. मी वळले. तोही वळला. तीन-चार वेळा असं झालं. एकदा वाटलं, तीही मला शोधतेय आणि आम्ही दोघी मूर्खासारख्या एकमेकींच्या मागे फिरतोय. मला हसू आलं. मग दाराशी जाऊन उभी राहिले, म्हटलं, कधी तरी बाहेर पडेलच. चार वाजले, टिंब भुकेने रडायला लागली, कुणी बाहेर पडलं नाही.

निघताना टायवाल्यांना विचारलं, बाबागाडीवाल्या दुसऱ्या बाई कधी येतात? ते म्हणाले, "दुसऱ्या कुठल्या, ताई? दुपारच्याला तुम्ही आणि आम्ही. भुतंसुद्धा ऊन उतरल्यावर येतात." आणि स्वतःच्याच विनोदावर पोट हलवून हसले.

४

पुढच्या आठवड्यात परतीच्या काउंटरवरच्या बाईंनी मला हाक मारली. जाड चष्मा, केसांत पेन खोचलेलं. इतक्या दिवसांत आम्ही कधी बोललो नव्हतो. त्या गाडीत वाकल्या, टिंबच्या गालाला बोट लावलं आणि म्हणाल्या, "आज आणलंत होय बाळाला? बरं केलंत. नुसती रिकामी गाडी घेऊन फिरता तेव्हा बघवत नाही."

मी म्हटलं, मी हिच्याशिवाय कधीच आले नाहीये.

त्यांनी चष्मा वर सरकवला. मग समजूत घातल्यासारखं म्हणाल्या, "असेल. माझाच चष्मा बदलायला झालाय."

समजूत घातली जाते ती कुणाची, हे लॅबमधल्या माणसाला चांगलं कळतं. अहवाल वाईट असला की आम्हीही लोकांशी असंच बोलायचो.

वाटभर मी एकाच गोष्टीचा विचार करत होते. त्यांनी दुसरी कुणी बाई बघितली असेल, तर ठीक आहे. पण बघितली ती मीच असेन तर? मी गेल्या महिन्यात गॅसवर पाणी ठेवून झोपले होते. एकदा टिंबला दूध पाजलं की नाही ते आठवेना, म्हणून पुन्हा पाजलं आणि तिने सगळं माझ्या अंगावर परत केलं. असं एखाद्या दुपारी हात सवयीने गाडी घेऊन निघाले असतील, आणि टिंब तिकडे पलंगावर, दार बाहेरून बंद, आणि मी इथे निवांत कार्डं वाचत... त्यापुढे माझं डोकं जात नव्हतं. आणि तिथून मागेही येत नव्हतं.

डोकं चालेना तर हाताने काम करावं. मी एक वही केली. लॅबच्या रजिस्टरसारखे रकाने पाडले. तारीख. घरातून निघाल्याची वेळ. आउटलेटला पोचल्याची वेळ. चाकाचा आवाज ऐकू आला का, कुठल्या रांगेतून. आणि शेवटचा रकाना: बाळ गाडीत. घरातून निघताना, रस्ता ओलांडताना, दुकानाच्या दाराशी, आत दर दहा मिनिटांनी मी वाकून बघायचे, हात लावायचे आणि लिहायचे. होय. होय. होय.

वही लिहायला लागल्यावर मला शांत वाटू लागलं. पानं भरत गेली. आवाज जवळजवळ रोज यायचा, कायम एक रांग सोडून. आणि शेवटच्या रकान्यात एकही "नाही" नव्हता. याचा अर्थ सरळ होता. ती बाई मी नव्हते. मी शहाणी होते आणि माझ्याकडे तसा कागद होता.

५

तो दिवस ढगाळ होता. दुकानात नेहमीपेक्षा अंधार, आणि दाखवायची मशीनंही त्या दिवशी बंद ठेवलेली. टिंब जागीच होती. मी ड्रायरच्या रांगेत होते. पलीकडून, मागच्या रांगेतून, चाक आलं. दोन आखूड, एक लांब. आणि कोपऱ्यात, त्या पांढऱ्या मशीनपाशी असावं, तिथे थांबलं.

मी वहीत वेळ लिहिली. मग वही बंद केली, आणि इतक्या दिवसांत जे केलं नव्हतं ते केलं. मोठ्याने बोलले.

"कोणी आहे का पलीकडे? तुम्हीही बाळाला घेऊन येता का?"

माझा आवाज पत्र्याला लागून खाली आला. उत्तर नाही. पण तिथे कुणी तरी होतं. रिकामी जागा गप्प असते ती वेगळी, आणि माणूस गप्प राहतं ते वेगळं. पलीकडे कुणी तरी श्वाससुद्धा जपून घेत होतं.

टिंब हसली. शेवटाला उचकी.

मी रांगेला वळसा घालून मागे गेले. भिंतीपर्यंत सगळी मोकळी जागा. मशीनांच्या गोल काचा एकापुढे एक. कुणी नाही. मी कोपऱ्यापर्यंत चालत गेले आणि त्या मशीनवर हात ठेवला. कोमट.

तेव्हा टिंबने दोन्ही हात पसरले.

ती कुणाहीकडे जात नाही. सासूबाईंकडे जायला तिने दोन दिवस घेतले होते. हात पसरते ती फक्त मला बघून, सकाळी उठल्यावर. आणि आता ती माझ्याकडे पाठ करून, समोरच्या रिकाम्या जागेकडे हात पसरत होती, बोटं उघडमीट करत, ये ये करत. मी तिच्या डोक्यावर हात ठेवणार, तोच ती वर उचलली गेली. पडणारं मूल झेप घेतं तशी नाही. काखेत हात घालून उचलावं तशी, अलगद, गादीपासून चार बोटं वर. खांद्यावरचे पट्टे ताणले, तिथेच ती अडकली, आणि हसत राहिली.

मी तिला ओढून घेतलं. बक्कल कधी काढलं, गाडी कशी ढकलली, काही आठवत नाही. टायवाले मागून "ताई, ताई" करत होते. घरी येऊन सगळ्या कड्या लावल्या, टिंबला छातीशी धरून फरशीवर बसले आणि साइटवर फोन लावला. मागे ठोकल्याचे आवाज येत होते. त्याने विचारलं, सगळं ठीक ना? आणि मी पहिल्यांदा म्हटलं, नाही.

६

तो दुसऱ्या दिवशीच आला. मी हे मुद्दाम सांगतेय, कारण तो वाईट माणूस नाही. रात्रभर प्रवास करून आला, बूटही न काढता टिंबला घेतलं आणि मला जवळ घेऊन म्हणाला, वेडाबाई, आधी नाही का सांगायचं. हे तो मला पहिल्यापासून म्हणतो, लाडाने. त्या दिवशी तो शब्द तोंडातून निघाल्यावर त्याने टिंबला उगाचच दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

मी सगळं क्रमाने सांगितलं. सांगताना माझं मलाच कळत होतं की हे कानाला कसं लागतंय. म्हणून मी वही आणली. माझा हुकमाचा पत्ता. त्याच्यापुढे उघडून ठेवली आणि म्हटलं, "बघ. भास होणारं माणूस अशा नोंदी ठेवेल का?"

त्याने एक पान वाचलं. उलटलं. दुसरं वाचलं. बोट शेवटच्या रकान्यावरून खाली खाली सरकत होतं.

"बाळ गाडीत, होय," तो शेवटी हळूच म्हणाला. "बाळ गाडीत, होय. एका दुपारी सतरा वेळा." मग त्याने वर बघितलं. "अगं, आईला हे लिहून ठेवावं लागतं का?"

मी इतके दिवस त्या रकान्याकडे बघत होते आणि मला त्यात फक्त "होय" दिसत होतं. त्याला प्रश्न दिसला.

टिंबला सासूबाईंकडे ठेवायचं, पंधरा दिवस, फक्त पंधरा दिवस, असं ठरलं. तू झोप, खा, अंगात जीव येऊ दे, मग आणू. मीच तिची पिशवी भरली. दुधाच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावल्या, सकाळ, दुपार, संध्याकाळ. बारीक, सुट्या अक्षरात. सामानाने डिकी भरली, बाबागाडी मावली नाही, ती माझ्याकडेच राहिली. निघताना टिंबला मागच्या काचेतून मी दिसत होते की नाही, कोण जाणे.

जाण्याआधी त्याने अजून एक केलं. माझ्या मागे आउटलेटमध्ये जाऊन मशीन घेऊन आला. म्हणजे आता तिकडे जायला नको, म्हणाला. टायवाल्यांनीच निवडून दिलं होतं, "ताई रोज याच्यासमोर उभ्या असतात." कोपऱ्यातलं, पांढरं. कार्ड काढलेलं होतं.

७

पंधराचे वीस झाले. सासूबाई म्हणाल्या, रुळलीय आता, कशाला घाई करता. फोनच्या पडद्यावर टिंब मला बघायची आणि मग फोनच्या मागे काय आहे ते बघायला वाकायची. ती रांगायला लागली होती. ते मला दुसऱ्याच्या तोंडून कळलं.

नवीन मशीन उत्तम चालायचं. माझे दोन कुडते, एक टॉवेल, की झालं. घरघर घरभर पसरायची आणि तिच्यावर झोपायला कुणी नसायचं. एकविसाव्या दिवशी पलंगाखाली टिंबचं एक झबलं सापडलं. मी ते एकटंच मशीनमध्ये टाकलं, गरम पाण्यावर. काचेतून बघत बसले. एवढ्या मोठ्या ड्रममध्ये ते एवढंसं, वर जायचं आणि पडायचं.

झबलं काढलं आणि आउटलेटला फोन केला, परत घेऊन जा. दोन माणसं टेम्पो घेऊन तासाभरात आली. सहीला दुपारी दुकानात यावं लागेल म्हणाली.

मी बाबागाडी घेऊन निघाले. रिकामी. त्यात काही गूढ नाही. त्या गाडीच्या दांडीशिवाय रस्त्यावर हात कुठे ठेवायचे ते मला कळायचं नाही, एवढंच. चाक कुरकुरत होतं.

परतीच्या काउंटरवर चष्म्याच्या बाई होत्या. त्यांनी गाडीत बघितलं. पिवळं कार्ड माझ्यापुढे सरकवलं, केसांतलं पेन काढून दिलं. "कारण लिहावं लागतं. तुम्हाला माहीतच आहे."

मी लिहिलं. सही केली, तारीख घातली. मग सवयीने, चिठ्ठी तपासावी तसं, लिहिलेलं एकदा वाचलं.

आता एवढे कपडे निघत नाहीत.

बाईंनी कार्ड ओढून घेतलं, खालच्या बाजूला सवलतीचा लाल कागद चिकटवला आणि नेऊन लावूनही आल्या. मी तिथेच उभी होते. डोकं म्हणत होतं, इतके दिवस ते वाक्य वाचलं होतंस, ते मनात राहिलं, हाताने तेच लिहिलं. बरोबर आहे. माझ्या तर्काला असा तुकडा नेहमी पुरायचा. त्या दिवशी मात्र तो घशाखाली उतरेना.

८

मी मागच्या रांगेत गेले. बाहेर ढग आले होते. दाखवायची मशीनं बंद. माझं चाक, दोन आखूड, एक लांब, आणि कोपऱ्यात थांबलं. पांढरं मशीन आपल्या जागी होतं. मी त्यावर हात ठेवला. सकाळच्या गरम पाण्याने ते अजून कोमट होतं.

ड्रायरच्या भिंतीपलीकडे कुणी तरी वहीचं पान उलटलं.

मग एक बाई मोठ्याने बोलली. आवाज दमलेला, पण त्यात अशी काही आशा होती की ऐकवेना. "कोणी आहे का पलीकडे? तुम्हीही बाळाला घेऊन येता का?"

आपला आवाज बाहेरून कसा ऐकू येतो हे माणसाला माहीत नसतं. मला कळायला एक क्षण लागलाच.

उत्तर द्यायचं होतं. बाई गं, वही जाळ. आज घाबरू नकोस, फोन करू नकोस, कुणाला काही सांगू नकोस. पण त्या दिवशी उत्तर आलं नव्हतं, आणि मी तोंड उघडलं तेव्हा का ते कळलं. आवाजच निघेना. मग निदान निघून तरी जावं. रांगेचं दुसरं टोक मोकळं होतं. ती येईल, तिला रिकामी जागा दिसेल, ती वहीत लिहील, आणि दिवस तसाच सरेल. ती घाबरली होती ते पुढच्या गोष्टीने. ती गोष्ट घडायची नसेल तर मी इथे असता कामा नये. एवढं साधं होतं. मी दांडी धरली आणि वळले.

पलीकडे टिंब हसली. शेवटाला उचकी.

एकवीस दिवसांनी.

मी थांबले. म्हटलं, फक्त बघते. लांबून.

दोन आखूड, एक लांब, रांगेला वळसा घालून आवाज जवळ आला. तिच्याकडे थेट बघायचा मला धीर झाला नाही, मी मशीनच्या गोल काचेत बघितलं. लांबट, वाकडी एक बाई. केस विंचरलेले नाहीत, खांद्यावर दुधाचा डाग, काखेत वही. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, माझ्या आरपार भिंतीकडे बघितलं आणि मशीनवर हात ठेवला, माझ्या हाताशेजारी.

मी खाली बघितलं. गाडीत टिंब होती. ती सरळ माझ्याकडे बघत होती, आणि तिला मी दिसत होते.

हात पुढे करायचे नाहीत, मी स्वतःला बजावलं. काहीही झालं तरी हात पुढे करायचे नाहीत. हे एवढंच केलं की टिंब घरी राहते.

टिंबने दोन्ही हात पसरले. बोटं उघडमीट केली, सकाळी उठल्यावर करते तशी.

माझ्या हातातून दांडी सुटली.